कुशीवर झोपणाऱ्या वजनदार माणसाची गादी

गादीच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हार्ड पाहिजे का सॉफ्ट?" प्रश्न सोपा वाटतो, पण त्यात दोन गोष्टी विचारायच्याच राहून जातात. झोपणार कोण आहे? आणि झोपणार कसं, पाठीवर, पोटावर का कुशीवर?

मी पॉलिमर फोमवर पीएचडी करतेय. रोजचं काम म्हणजे फोमचे छोटे ठोकळे यंत्रात दाबायचे आणि किती दाबायला किती जोर लागतो याचे आलेख काढायचे. त्यामुळे घरच्यांनी मला परस्पर गादीतज्ज्ञ करून टाकलंय. लग्नात, बारशात, कुठेही कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा: "वजन जास्त आहे, कुशीवरच झोप लागते, लेटेक्सची गादी घ्यायची आहे. किती इंची, कुठल्या डेन्सिटीची घेऊ?" आज त्याचंच उत्तर जरा सविस्तर.

उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकते. गादीचा कडकपणा हा तुमचा आणि गादीचा मिळून ठरतो. ५५ किलोच्या माणसाला जी गादी 'मध्यम' वाटते, तीच ९५ किलोच्या माणसाला 'मऊ' वाटते, आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून वजनदार आणि कुशीवर झोपणाऱ्या माणसाला एकच एक कडक किंवा एकच एक मऊ ठोकळा सहसा पुरत नाही. त्याला खाली कडक आणि वर मऊ असे थर लागतात, आणि वरचा मऊ थर पुरेसा जाड लागतो. हे असं का, ते आता बघू.

कूस का महत्त्वाची?

वजन जास्त असलेल्या अनेकांसाठी कुशीवर झोपणं ही नुसती सवय नसते. पाठीवर झोपलं की जीभ आणि घशातले मऊ भाग गुरुत्वाकर्षणानं मागे येतात आणि श्वासाची वाट अरुंद होते. घोरणं वाढतं. ज्यांना स्लीप अ‍ॅप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडतो, त्यांच्यापैकी पुष्कळांचा त्रास पाठीवर झोपल्यावर वाढतो. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा सांगतात, कुशीवर झोपा.

आता गादी चुकीची असली तर काय होतं बघा. माणूस कुशीवर आडवा होतो. अर्ध्या-पाऊण तासात खांदा दुखायला लागतो, हाताला मुंग्या येतात. झोपेतच तो पाठीवर वळतो. श्वास अडतो, झोप तुटते, पुन्हा कूस. सकाळी उठल्यावर अंग आंबलेलं आणि डोकं जड. घरचे म्हणतात, वजन कमी कर. तो सल्ला आपल्या जागी बरोबर असेलही, पण वजन कमी व्हायला महिने लागतात आणि झोपायचं तर आज रात्रीच असतं. एक गोष्ट स्पष्ट करते: गादी हा अ‍ॅप्नियावरचा उपचार नाही. त्यासाठी डॉक्टरच गाठायचा. पण डॉक्टरांनी सांगितलेली कूस रात्रभर टिकवायला गादी मदत करू शकते.

थोडं गणित

दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. ९५ किलोच्या माणसाचं वजन साधारण ९३० न्यूटन भरतं. पाठीवर झोपलं की पाठ, नितंब, मांड्या, पोटऱ्या असं बरंच अंग गादीला टेकतं. कुशीवर हे क्षेत्र बरंच कमी होतं. समजा ते पाव चौरस मीटर आहे. मग सरासरी दाब झाला साधारण ३.७ किलोपास्कल. रक्तदाबाच्या भाषेत सांगायचं तर २८ मिलिमीटर पारा.

पण ही सरासरी आहे. खरं वजन दोन ठिकाणी एकवटतं, खांद्यावर आणि खुब्यावर. तिथे हाड कातडीच्या अगदी जवळ असतं आणि दाब सरासरीच्या दीडपट-दुप्पट सहज होतो. आपल्या बारीक केशवाहिन्यांमधला रक्ताचा दाब फार मोठा नसतो. यूजीन लँडिस या शास्त्रज्ञानं १९३० मध्ये नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांत तो मोजला होता आणि तेव्हापासून ३२ मिलिमीटर पारा हा आकडा ढोबळ खूण म्हणून वापरला जातो. बाहेरचा दाब बराच वेळ याच्या वर राहिला की त्या जागी रक्त नीट फिरत नाही आणि शरीर कूस बदलायला सांगतं. निरोगी माणूस झोपेत वळतो, त्यामुळे जखमा वगैरे होत नाहीत. पण झोपेची तुकडेतोड होते.

हा दाब कमी करायचा एकच मार्ग आहे: टेकणारं क्षेत्रफळ वाढवायचं. म्हणजे खांदा आणि खुबा गादीत थोडे आत जाऊ द्यायचे, म्हणजे कमरेचा खोलगट भागही गादीला टेकतो आणि वजन वाटलं जातं. मात्र ते किती आत जातात यावर मर्यादा हवी. खुबा फार खाली गेला की पाठीचा कणा झोळीसारखा वाकतो. मागून पाहिलं तर मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ साधारण सरळ दिसली पाहिजे. दाब कमी करायचा आणि रेघ सरळ ठेवायची, ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. वजन वाढतं तशी ही ओढाताणही वाढते.

फोम दबतो म्हणजे नेमकं काय होतं

कुठलाही फोम दाबला की तो तीन टप्प्यांतून जातो. सुरुवातीला त्याच्या बारीक भिंती ताठ उभ्या असतात, थोडा विरोध होतो. मग त्या भिंती वाकायला लागतात आणि थोड्या जास्त जोरात फोम बराच दबतो. हा आरामाचा पट्टा. शेवटी वाकलेल्या भिंती एकमेकींना टेकतात, हवेला जागा उरत नाही आणि फोम एकदम दगडासारखा होतो. यालाच आपण साध्या भाषेत 'खालची फळी लागली' म्हणतो. खरी फळी लागलेली नसते, फोमच फळीसारखा झालेला असतो.

वजनदार माणूस या तिसऱ्या टप्प्याच्या जवळ लवकर पोचतो. गादी चार इंची असेल तर फारच लवकर. कारण फोम किती दबतो हे टक्क्यांत मोजायचं असतं. पाच सेंटिमीटर खाली जाणं हे चार इंची गादीसाठी अर्धं दबणं आहे, आठ इंची गादीसाठी पाव. त्यामुळे दुकानातला 'वजन जास्त आहे ना, मग हार्ड घ्या' हा सल्ला अपुरा आहे. वजन जास्त असेल तर आधी जाडी वाढवायची, कडकपणाचं नंतर बघायचं.

लेटेक्स आणि त्याचे आकडे

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्याकडे तो मुख्यतः केरळातून येतो. महाराष्ट्रातही सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला रबराच्या बागा आहेत. झाडातून निघालेल्या चिकात साधारण एक तृतीयांश रबर असतं. यंत्रात घुसळून ते ६० टक्क्यांपर्यंत आणतात. मग त्यात गंधक वगैरे घालून, हवा भरून फेटतात, साच्यात ओततात आणि वाफेवर पक्कं करतात. ही डनलॉप पद्धत. १९२९ मध्ये बर्मिंगहॅमला डनलॉप कंपनीत ती निघाली म्हणून हे नाव. दुसरी टलाले पद्धत. तिच्यात साचा अर्धवट भरून निर्वात करतात, फेस फुगतो, तो गोठवतात आणि मग पक्का करतात. टलाले जास्त एकसारखा आणि सहसा मऊ, डनलॉप थोडा घट्ट. भारतात बनणारं लेटेक्स बहुतेक डनलॉपच असतं, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

आपल्या बाजारात लेटेक्स डेन्सिटीवर विकतात: ६५, ७५, ८५, ९०, ९५. म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन तितके किलो. कडकपणाचा खरा आकडा वेगळा असतो, त्याला आयएलडी म्हणतात. ५० चौरस इंचांची गोल तबकडी फोममध्ये जाडीच्या पाव हिस्सा रुतवायला किती पौंड जोर लागतो, तो हा आकडा. २० च्या आसपास असेल तर मऊ, ३० च्या आसपास मध्यम, ४० आणि वर कडक. नैसर्गिक डनलॉपमध्ये डेन्सिटी वाढली की कडकपणाही वाढतो, म्हणून ढोबळ मानाने ६५ म्हणजे मऊ, ७५ ते ८० मध्यम आणि ९० म्हणजे कडक असं धरता येतं.

एक सावधानता मात्र पाळा. रबरात खडूसारखी पूड मिसळूनही वजन वाढवता येतं. मग डेन्सिटी ९० दिसते, पण ती ताकद रबराची नसते. अशा फोमच्या कापलेल्या कडेवर बोट जोरात घासलं की भुकटी हाताला लागते आणि दाबून सोडल्यावर तो आळसावून वर येतो. चांगलं लेटेक्स हात उचलल्याबरोबर उसळून वर येतं.

लेटेक्सचा आणखी एक गुण वजनदार माणसाच्या फार कामाचा आहे. पाव हिस्सा दाबायला जेवढा जोर लागतो, त्याच्या साधारण तिप्पट जोर ६५ टक्के दाबायला लागतो. साध्या पीयू फोममध्ये हे प्रमाण बरंच कमी, दुपटीच्या आसपास असतं. म्हणजे लेटेक्स वरवर मऊ लागतं, पण खोल गेलं की आधार वाढवत नेतं.

थर का?

आता तीन गाद्या कागदावरच दाबून बघू. आकडे ढोबळ आहेत, तुलनेपुरते घ्या. समजा खुब्याखाली ६ किलोपास्कल दाब येतोय, आणि वळताना किंवा कोपरावर भार देऊन उठताना तो क्षणभर ९ पर्यंत जातो.

पहिली गादी, अख्खी ६ इंच कडक, आयएलडी ४०. खुबा साधारण ४ सेंटिमीटर आत जातो. कणा सरळ राहतो, पण खांद्याला पुरेशी जागा मिळत नाही. मुंग्या येणारी गादी ती हीच.

दुसरी, अख्खी ६ इंच मऊ, आयएलडी २०. खुबा साडेसात सेंटिमीटर आत जातो, म्हणजे गादी निम्मी दबली. वळताना ती दहा सेंटिमीटर दबते आणि खाली जेमतेम पाच उरतात. दगड व्हायचा टप्पा सुरू. शिवाय रोज रात्री इतका खोल दबणारा फोम लवकर थकतो आणि दोन-चार वर्षांत खुब्याच्या जागी खड्डा पडायला लागतो.

तिसरी, खाली ५ इंच कडक आणि वर ३ इंच मऊ. खुबा साधारण सात सेंटिमीटर आत जातो, यातले निम्मे वरच्या थरात आणि निम्मे खालच्या. म्हणजे मऊपणा जवळजवळ दुसऱ्या गादीइतकाच मिळाला. पण वळताना दहा सेंटिमीटर दबूनसुद्धा खाली आणखी दहा शिल्लक राहतात, आणि राहिलेला भाग बहुतेक कडक थराचा असतो. वरचा थर संपत आला की खालचा सूत्रं हातात घेतो.

मग कोणी विचारेल, सगळीच ८ इंच मऊ का नको? कारण मग नुसतं झोपल्यावरच खुबा दहा सेंटिमीटर खाली जातो. खांदे तेवढे जड नसतात, ते वर राहतात आणि कण्याची झोळी होते.

आणि वर एकच इंच मऊ थर घातला तर? दुकानात 'पिलो टॉप' किंवा 'युरो टॉप' म्हणून बऱ्याचदा तेच मिळतं. त्या एका इंचातले सव्वा सेंटिमीटर दबतात आणि लगेच खालचं कडक लागतं. ५० किलोच्या माणसाला तो इंच पुरेल, ९५ किलोच्या माणसाला तो शोभेपुरता.

"पाठीला कडकच गादी चांगली"

हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. कापसाच्या गादीच्या काळात त्यात तथ्यही होतं. कापूस दबला की आपणहून परत फुलत नाही. पिंजाऱ्याकडे देऊन पिंजून घेईपर्यंत खड्डा तसाच राहतो. अशा खड्ड्यात झोपण्यापेक्षा जमिनीवर सतरंजी बरी, हे अनुभवाचे बोल. पण तुलना खड्ड्याशी होती, चांगल्या गादीशी नव्हती.

कडक आणि मध्यम कडक गाद्यांची समोरासमोर तुलना स्पेनमध्ये झाली. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला कडक गादी, दुसऱ्याला मध्यम कडक. कुठली मिळाली ते त्यांना सांगितलं नव्हतं. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवाल्यांची झोपेतली आणि उठतानाची दुखणी जास्त कमी झाली होती. २००३ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. हा अभ्यास कंबरदुखीचा होता, वजनाचा नाही. पण 'जितकं कडक तितकं चांगलं' या समजुतीला त्यानं मोठा छेद दिला. गादीवर छापलेल्या 'ऑर्थोपेडिक' या शब्दानं म्हणूनच दबून जाऊ नका. त्यामागे कडकपणाचा कुठलाही ठरलेला आकडा नाही.

वजनाचा एक आकडा पुरत नाही

इथे पुण्यातलंच एक उदाहरण घेऊ. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. मुद्दा मधुमेहाचा होता: एकच बीएमआय असलेली दोन शरीरं आतून वेगळी असू शकतात.

गादीसाठीही यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे बघा. ९० किलोचे दोन जण घ्या. एकाचे खांदे रुंद आणि कंबर बारीक, दुसऱ्याचं पोट मोठं आणि खांदे अरुंद. पहिल्याला वरचा थर जास्त जाड हवा, कारण खांद्याला खोल जागा लागते. दुसऱ्याचं वजन मध्यभागी आहे, त्याला खालचा थर जास्त कडक हवा, आणि वरचा फार मऊ नको. ज्यांचे खुबे रुंद आहेत, विशेषतः बायकांमध्ये, त्यांची कमर आणि खुबा यांत मोठा फरक असतो. त्यांना वर ३ इंच मऊ थर बहुतेक वेळा मानवतो.

ढोबळ वाटणी करायची तर अशी. ७५ किलोपर्यंत खाली ४ इंच ८० ते ८५ आणि वर २ इंच ६५. ७५ ते ९५ मध्ये खाली ५ इंच ८५ ते ९० आणि वर २ ते ३ इंच ६५ ते ७०. ९५ च्या वर खाली ५ ते ६ इंच ९० ते ९५ आणि वर ३ इंच ७०. वजन फारच जास्त असेल, १२० च्या पुढे, तर मध्ये २ इंच ८० चा थर घालून चढण जरा सावकाश करा. यातलं काहीच दगडावरची रेघ नाही. पण अमुक एक आकडा घेऊन दुकानात गेलं की निदान बोलणं नीट सुरू होतं.

मामाची गादी

माझा मामा ९६ किलोचा आहे, पोट पुढे, खांदे मध्यम. डॉक्टरांनी कुशीवर झोपायला सांगितलंय. एका दुकानातून त्यानं 'ऑर्थो' म्हणून घेतलेली ५ इंची कडक गादी होती आणि उजवा खांदा रोज रात्री बधिर व्हायचा. मामी ५८ किलोची, तिला तीच गादी म्हणजे पाटावर झोपल्यासारखं वाटायचं.

आम्ही पेठेतल्या एका गादी कारखान्यातून ७२ बाय ७२ इंचांच्या पलंगासाठी थर वेगवेगळे कापून घेतले. खाली ५ इंच ९० चा एकच अख्खा थर. वर ३ इंचांचे दोन अर्धे, ७२ बाय ३६ चे. मामाच्या बाजूला ७०, मामीच्या बाजूला ६५. सगळ्यावर एकच झिपवाली खोळ. थर एकमेकांना चिकटवू दिले नाहीत, कारण चिकटवले की बदलता येत नाहीत. लेटेक्स लेटेक्सवर फारसं घसरत नाही.

याचा एक वेगळाच फायदा जिन्यात कळला. खालचा थर ३८ किलोंच्या आसपास, वरचे दोन मिळून सतराच्या आसपास. एकत्र चिकटवलेली पंचावन्न किलोंची लोंबती गादी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातून तिसऱ्या मजल्यावर नेणं ही शिक्षाच झाली असती.

पहिले आठ-दहा दिवस मामाची कुरकुर होती, "फार आत जातोय मी." कडक गादीची वर्षांची सवय असते, शरीराला वेळ द्यावा लागतो. महिन्याभरानं बधिरपणाची तक्रार थांबली. हा एकाच माणसाचा अनुभव आहे, पुरावा म्हणून घेऊ नका. थर कसे ठरवले ते कळावं म्हणून सांगितलं.

दुकानात काय करायचं

पहिलं, किमान पंधरा मिनिटं कुशीवर झोपा. लाजू नका. नेहमीच्या उशीसकट झोपा. बरोबरच्या माणसाला मागून फोटो काढायला सांगा आणि कण्याची रेघ बघा. हाताचा तळवा कमरेखाली सहज आरपार जात असेल तर गादी कडक आहे.

दुसरं, वजन करायला सांगा. ७२ बाय ३६ इंच, ३ इंच जाड, ६५ डेन्सिटीचा थर सव्वाआठ किलोंच्या आसपास भरला पाहिजे. भोकांमुळे थोडा फरक पडेल. पाच-सहा किलोच भरला तर सांगितलेली डेन्सिटी नाही. आणि वजन बरोबर भरलं तरी कडेची भुकटी तपासायची विसरू नका.

तिसरं, खोळ. हा मुद्दा सगळेच विसरतात. वर महागडं मऊ लेटेक्स आणि त्यावर जाड, न ताणणारी क्विल्ट केलेली खोळ घातली तर खांदा आत जाणारच नाही, ढोलावर झोपल्यासारखं होईल. ताणणारी, विणलेली सुती खोळ घ्या. जाड प्लास्टिकचा प्रोटेक्टरही तोच घोटाळा करतो.

चौथं, उशी. खांदा आत गेला की डोकं आणि गादी यांतलं अंतर कमी होतं. जुनी उंच उशी मग मान वर ढकलते. नवीन गादी आली की उशी एकदा तपासा.

पाचवं, बजेट. सगळं लेटेक्स परवडत नसेल तर पैसे वरच्या थरावर खर्च करा. खाली चांगल्या घट्ट काथ्याचा, म्हणजे रबराइज्ड कॉयरचा, ४ इंची थर चालतो. काथ्या वजनाखाली काही वर्षांत बसतो, पण चिकटवलेला नसेल तर तेवढाच बदलता येतो. ज्यांना लेटेक्सची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

घरी आणल्यावर

आपल्याकडे एप्रिल-मे आला की कुरडया-पापडांबरोबर गाद्याही गच्चीवर जातात. कापसाला ऊन मानवतं. लेटेक्सला अजिबात नाही. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून रबराच्या साखळ्या तोडतात. फोम पिवळा पडतो, ठिसूळ होतो, मग कडा चुरायला लागतात. घरातल्या थोरामोठ्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही ऑफिसला गेल्यावर प्रेमानं गादीला ऊन दाखवलं जाईल. सावलीत, पंख्याखाली, खोळ काढून हवा द्या.

पावसाळ्यात दुसरी अडचण येते. आपले बहुतेक पलंग खाली स्टोरेज असलेले, प्लायवूडची सलग फळी घातलेले. घामाचा ओलावा गादीतून खाली जातो आणि फळीपाशी अडकतो. फळीला थोड्या-थोड्या अंतरावर भोकं पाडून घ्या, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांतून एकदा गादी भिंतीला टेकवून तासभर उभी करा. थर सुटे असतील तर हे एकट्यानं जमतं.

वरचा थर दर तीन-चार महिन्यांनी डोकं-पाय उलटा करा. काही वर्षांनी खांदा पुन्हा दुखायला लागला तर अख्खी गादी फेकू नका. झिप उघडा, वरचा तीन इंचाचा थर काढून बघा. बहुतेक वेळा थकलेला तोच असतो, आणि तेवढाच बदलला की झालं.